ग्रामीण रुग्णालयातील पॅरामेडिकल कर्मचाऱ्यांचे पहिले संशोधन : तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ग्रामीण रुग्णालयात संशोधन सुरू करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी काम एकाच क्रमाने पुढे जाते. आधी नागपूरला दोन दिवसांची कार्यशाळा होते आणि प्रमाणपत्रे मिळतात. परत आल्यावर कुणीतरी उत्साहाने शे-दोनशे रुग्णांची माहिती गोळा करतो, मग त्या माहितीतून काय काढायचे याचा विचार सुरू होतो आणि सर्वांत शेवटी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीची आठवण येते. समिती मागील तारखेची मंजुरी देत नाही, नियतकालिक मंजुरीवाचून लेख घेत नाही, आणि वर्षभराचे कष्ट कपाटात पडून राहतात. अशा वेळी दोष माणसांच्या कुवतीत शोधला जातो, प्रत्यक्षात चूक क्रमाची असते.

हा लेख फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, नेत्र चिकित्सा अधिकारी, आहारतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, डायलिसिस टेक्निशियन, समुपदेशक यांच्यासाठी आणि त्यांचे काम ज्यांच्या सहीने चालते त्या वैद्यकीय अधीक्षकांसाठी आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायांचे दहा वर्ग केले आहेत. परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्या स्वतंत्र परिषदा असल्याने ते त्या कायद्यात येत नाहीत, परंतु संशोधनगटात त्यांना जरूर घ्यावे. पहिल्या कामाला साधारण एक वर्ष लागते, असे धरून पुढील टप्पे मांडले आहेत.

टप्पा १ : प्रशिक्षणाच्या आधी वेळ लेखी मिळवा

आठवड्यातून सलग तीन तास, ठरलेल्या दिवशी, ड्यूटी रोस्टरवर नोंदलेले आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीच्या आदेशाने दिलेले, अशा चारही अटी पूर्ण करणारा वेळ हाती आल्याशिवाय पुढचा एकही टप्पा सुरू करू नये. तोंडी परवानगीवर सुरू झालेले काम पहिल्या शिबिराच्या आठवड्यात थांबते आणि बहुधा पुन्हा उभे राहत नाही.

दिवस निवडताना गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो ते आधी पाहावे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे दवाखान्याचेही काम उरकून घेतात, त्यामुळे ओपीडीची गर्दी त्याच दिवशी सर्वाधिक असते. मार्चअखेर, पल्स पोलिओचा आठवडा आणि मोठ्या तपासणी मोहिमांचे दिवस वेळापत्रकातून आधीच वगळून ठेवावेत.

लॅब टेक्निशियन एकच असेल, तर त्या तीन तासांत तातडीचा नमुना आला तर तो कोण घेणार, हे आदेशातच लिहिलेले असावे. हा मुद्दा सुटला तर संशोधनाचा वेळ म्हणजे सहकाऱ्यावर टाकलेला बोजा ठरतो आणि गटात कायमची कटुता येते.

सावधान : सुट्टीचा दिवस किंवा ड्यूटी संपल्यानंतरची संध्याकाळ हा संशोधनाचा वेळ धरू नये. बसने ये-जा करणारा कर्मचारी तो वेळ फार तर दोन महिने देऊ शकतो.

तपासा : आदेशाची प्रत फाइलला लागली आहे का? पर्यायी माणसाचे नाव त्यात आहे का?

टप्पा २ : गट बांधा आणि कोणाला काय येते ते मोजा

गटात तीन ते पाच जण पुरेत. त्यांत किमान दोन वेगवेगळ्या विभागांचे कर्मचारी असावेत, एक वैद्यकीय अधिकारी असावा आणि बाहेरचा एक मार्गदर्शक असावा. मार्गदर्शकासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाकडे जावे. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया यांपैकी एखादे महाविद्यालय विदर्भाच्या बहुतेक तालुक्यांना एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. जाताना "आम्हाला मार्गदर्शन करा" एवढेच सांगितले तर होकार मिळतो, पण काम पुढे सरकत नाही. महिन्यातून एक तास फोनवर, आराखड्याच्या दोन मसुद्यांवर लेखी शेरे आणि विश्लेषणाच्या वेळी एक प्रत्यक्ष बैठक, अशी मोजकी व स्पष्ट मागणी करावी.

त्यानंतर गटातील प्रत्येकाने स्वतःला एक ते दहा या मापावर गुण द्यावेत : प्रश्न मांडणे, जुने शोधनिबंध शोधणे, ते वाचून पारखणे, आराखडा लिहिणे, नीतिमत्ता समितीचा अर्ज भरणे, माहिती गोळा करणे, एक्सेलमध्ये भरणे, विश्लेषण करणे, लिहिणे, लोकांसमोर मांडणे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी असेच एक मोजमाप तयार झाले असून ते व्यक्ती, गट आणि संस्था अशा तिन्ही पातळ्यांवर प्रश्न विचारते. ही कल्पना आपणही घ्यावी, कारण कर्मचाऱ्याला सगळे येत असूनही संस्थेत इंटरनेट, वेळ किंवा पाठबळ नसेल, तर प्रशिक्षणावर केलेला खर्च वाया जातो.

हे गुण नावाशिवाय घ्यावेत आणि वर्षअखेरीस पुन्हा घ्यावेत. प्रशिक्षण कशाचे हवे ते या गुणांवरून ठरवावे. बहुतेक कार्यशाळा टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रीय चाचण्यांपासून सुरू होतात, पण गाडी खरी अडते ती प्रश्न मांडण्यावर आणि शोधनिबंध वाचण्यावर. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एक शोधनिबंध सर्वांनी मिळून वाचावा. इंग्रजी अवघड जात असेल तर एकाने परिच्छेद वाचावा आणि दुसऱ्याने तो मराठीत सांगावा. वाचलेले मराठीत सांगता आले नाही तर ते समजलेले नाही, असे धरून तो परिच्छेद पुन्हा घ्यावा.

लेखावर कोणाची नावे कोणत्या क्रमाने येणार, हेही याच टप्प्यात कागदावर उतरवावे. याचा नियम टप्पा ९ मध्ये दिला आहे.

टप्पा ३ : प्रश्न आपल्या रजिस्टरमधून काढा

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा, कारण पुढचे सगळे यावर उभे राहते. प्रश्न ग्रंथालयात बसून शोधू नये. चार आठवडे प्रत्येक विभागात एक अडचण वही ठेवावी आणि रोजच्या कामात जे खटकते ते त्यात एका ओळीत लिहावे. एक्स-रे टेक्निशियन लिहील की छातीचे एक्स-रे वारंवार पुन्हा काढावे लागतात. फिजिओथेरपिस्ट लिहील की लकव्याचे रुग्ण तिसऱ्या खेपेनंतर येत नाहीत. लॅब टेक्निशियन लिहील की सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) पक्के रिपोर्ट आले तरी रुग्ण ते न्यायला येत नाही. महिनाअखेरीस वह्या एकत्र वाचल्या की दहा-बारा चांगले प्रश्न हाती लागतात.

आता अडचणीचा प्रश्न करायचा. त्यासाठी चार गोष्टी नेमक्या ठरवाव्या लागतात : कोणते रुग्ण, काय मोजायचे, कशाशी तुलना (असेल तर) आणि किती काळात. उदाहरणासाठी लॅब टेक्निशियनची अडचण घेऊ.

पहिला मसुदा "सिकलसेल रुग्णांच्या समस्यांचा अभ्यास" असा असतो. हा केवळ विषय झाला आणि त्याला उत्तर असू शकत नाही. दुसरा मसुदा "सिकलसेलचे रिपोर्ट रुग्णांपर्यंत का पोहोचत नाहीत?" असा होतो. तो बरा आहे, पण किती जणांपर्यंत पोहोचत नाहीत हे माहीत नसताना कारणे विचारणे घाईचे आहे. तिसरा मसुदा असा करावा (सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी, तर इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी या खात्रीच्या तपासण्या) : "आमच्या रुग्णालयात गेल्या अठरा महिन्यांत सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तींपैकी किती टक्क्यांपर्यंत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा पक्का अहवाल नमुना घेतल्यापासून तीस दिवसांत पोहोचला?" याला उत्तर आहे, ते रजिस्टरमधून काढता येते, आणि उत्तर वाईट आले तर काय बदलायचे हेही दिसते.

हा प्रश्न महत्त्वाचाही आहे. सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. एएस पॅटर्न (वाहक) आहे की एसएस (रुग्ण), हे पक्क्या तपासणीनेच कळते, आणि तो कागद हाती नसेल तर समुपदेशकाला लग्नापूर्वी किंवा गरोदरपणात काही ठाम सांगता येत नाही. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे. तपासण्यांचा आकडा वाढत असताना अहवाल पोहोचण्याचा आकडा कोणी पाहतो का, हा प्रश्न प्रयोगशाळेत बसणाऱ्याइतका नेमका दुसरा कोणी विचारू शकत नाही.

निवडलेल्या प्रश्नाला चार कसोट्या लावाव्यात. उत्तर मिळाल्यावर आपण स्वतः काही बदलू शकतो का? वर्षभरात पुरेसे रुग्ण मिळतात का? लागणारी माहिती आपल्या हातात आहे का? आणि हे आधी कोणी शोधून ठेवले आहे का? शेवटच्या कसोटीसाठी पबमेड हे वैद्यकीय शोधनिबंध शोधण्याचे संकेतस्थळ मोफत उपलब्ध आहे. पाच ते आठ जवळचे शोधनिबंध वाचून प्रत्येकाची एक-एक ओळ तक्त्यात लिहावी : कुठे झाले, कोणावर झाले, किती जणांवर झाले, काय मोजले, काय सापडले.

सावधान : ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन विचारणारे प्रश्नावली-सर्वेक्षण पहिल्या वर्षी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सोपे वाटते म्हणून सर्वत्र केले जाते, पण चांगली प्रश्नावली तयार करून तिची विश्वासार्हता तपासणे हे स्वतंत्र आणि अवघड संशोधन आहे.

तपासा : प्रश्न एका वाक्यात, रुग्णालयाच्या शिपायाला कळेल अशा मराठीत सांगता येतो का?

टप्पा ४ : माहितीची झडती घ्या

प्रश्न ठरला की लगेच फॉर्म छापू नये. आधी संबंधित रजिस्टरमधील सलग तीस नोंदी घेऊन प्रत्येक रकान्यात किती जागा रिकाम्या आहेत ते मोजावे. तीसपैकी दहा ठिकाणी अहवाल दिल्याची तारीखच नसेल, तर मागील नोंदींवर अभ्यास करता येणार नाही. अशा वेळी रजिस्टर सुधारून आजपासून पुढची माहिती गोळा करावी लागेल. हे आराखडा लिहिण्यापूर्वी कळले तर एक महिना जातो आणि नंतर कळले तर वर्ष जाते.

झडतीत नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा : एकाच गावाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, वय अंदाजाने तीस-पस्तीस-चाळीस असे गोल केलेले असते, तीच व्यक्ती शिबिरात एकदा आणि ओपीडीत एकदा नोंदलेली असते, आणि "निरंक" या शब्दाचा अर्थ कुठे "नाही" असा तर कुठे "तपासलेच नाही" असा असतो. हा शेवटचा घोटाळा सर्वांत घातक आहे. दोन्हींसाठी वेगळी खूण ठरवावी आणि ती रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून सही करावी.

आपल्या चाचणीच्या मर्यादाही याच वेळी कागदावर आणाव्यात. सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांखालील बाळात, तीव्र रक्तक्षय असलेल्यात किंवा नुकतेच रक्त चढवलेल्यात चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून वय, हिमोग्लोबिन आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले का, हे तीन रकाने नसलेले सिकलसेल रजिस्टर संशोधनासाठी अपुरे आहे, आणि खरे तर रुग्णसेवेसाठीही अपुरे आहे. फिजिओथेरपीत हाच नियम मोजमापाला लागतो. गुडघा किती अंश वाकतो हे दोघे मोजणार असतील, तर दहा रुग्णांवर दोघांनी एकमेकांना न सांगता मोजून पाहावे आणि आकडे जुळत नसतील तर मोजण्याची पद्धत आधी एक करावी.

टप्पा ५ : आराखडा लिहा, नमुना संख्या काढा, हंगाम पाहा

आराखडा तीन-चार पानांचा असावा : प्रश्न, तो का महत्त्वाचा, कोणाला घेणार व कोणाला वगळणार, काय व कसे मोजणार, किती जण, विश्लेषण कसे, काळजी काय, वेळापत्रक, खर्च. प्रत्येक मोजायच्या गोष्टीची व्याख्या लिहावी. "अहवाल पोहोचला" म्हणजे अहवाल रुग्णालयात आला, की आशाताईंकडे दिला, की रुग्णाच्या किंवा पालकाच्या हातात पडून त्याची सही झाली? मी तिसरा अर्थ घेईन.

टक्केवारी काढायची असेल तर नमुना संख्येचे साधे सूत्र पुरते. अपेक्षित टक्केवारीला शंभरातून ती वजा करून आलेल्या आकड्याने गुणावे, त्याला चारने गुणावे आणि चालेल तेवढ्या चुकीच्या वर्गाने भागावे. सत्तर टक्के अहवाल पोहोचत असावेत असा अंदाज असेल आणि दहा टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर ४ × ७० × ३० भागिले १०० म्हणजे ८४ येतात. दहा टक्के नोंदी अपुऱ्या निघतील असे धरून ८४ भागिले ०.९ म्हणजे ९४ नोंदी घ्याव्यात. ही दहा टक्के मोकळीक घेतली असेल तर तसे आराखड्यात लिहावे. दोन गटांची तुलना असेल तर हे सूत्र चालत नाही, तेथे मार्गदर्शकाला विचारावे.

आता हंगाम. रुग्णांना पुन्हा बोलवायचे असेल, तर विदर्भात शेतीचे वेळापत्रक हेच अभ्यासाचे वेळापत्रक ठरवते. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात सोयाबीन कापणीपासून कापूस वेचणी सरेपर्यंत मजुरी बुडवून कोणी व्यायामाला येणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाच्या रोवणीचा जुलै आणि पुढे कापणीचे दिवस हातचे जातात. जंगलपट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपाने गोळा करायला घरेच्या घरे बाहेर असतात. मेळघाटातील कोरकू मजूर बाहेरगावी गेलेले असतात आणि होळीला परततात. म्हणून कंबरदुखीचा अभ्यास वेचणीच्या ऐन भरात सुरू करून मार्चमध्ये "बरे वाटले" असे नोंदवले, तर व्यायामाने बरे वाटले की वेचणी संपल्याने, हे सांगता येत नाही. तुलनेचे दोन्ही गट एकाच हंगामात घ्यावेत.

तपासा : वेळापत्रकाच्या शेजारी पीक आणि सणांचे कॅलेंडर ठेवून पाहिले का? पाठपुराव्याची तारीख वेचणीत, रोवणीत किंवा मे महिन्याच्या उन्हात तर येत नाही ना?

टप्पा ६ : परवानग्या, त्याही योग्य क्रमाने

प्रशासकीय परवानगी आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा शल्यचिकित्सकांचे पत्र असले तरी समितीची मंजुरी लागतेच, आणि समितीने होकार दिला तरी रजिस्टर वापरण्यासाठी रुग्णालयाची परवानगी लागते. आधी प्रशासकीय पत्र घ्यावे, कारण समिती ते मागते.

ग्रामीण रुग्णालयाची स्वतःची समिती नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संस्थेला करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येते, आणि येथेच वैद्यकीय महाविद्यालयातील मार्गदर्शक खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, ते विचारून घ्यावे. अर्ज तीनपैकी एका मार्गाने जातो : पुनरावलोकनातून सूट, जलद पुनरावलोकन किंवा पूर्ण समितीपुढे चर्चा.

सावधान : "फक्त रजिस्टर पाहणार आहोत, मंजुरी कशाला?" असे स्वतःच ठरवू नये. सूट मिळते की नाही हे ठरवण्याचा अधिकार समितीचा आहे.

रुग्णावर एखादा उपाय करून पाहणार असाल, मग तो व्यायाम असो, आहार असो किंवा समुपदेशनाची नवी पद्धत असो, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या उपचार-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी. ती मोफत आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून तेथे मागाहून नोंदणी होत नाही. औषध नसेल तर नोंदणी नको, या समजुतीने व्यायामावरचे कितीतरी चांगले अभ्यास प्रकाशनाच्या दारात अडतात.

संमतीपत्र शासकीय मराठीत लिहू नये. लोक "पक्षाघात" म्हणत नाहीत, "लकवा" म्हणतात, आणि "संशोधन" हा शब्द ऐकून पुष्कळांना आपल्यावर प्रयोग होणार असे वाटते. म्हणून काय विचारणार, किती वेळ लागणार, रक्त घेणार की नाही, आणि नाही म्हटले तरी उपचार तसेच मिळणार, हे बोलीत सांगावे. मसुदा परिसरातील चार-पाच जणांना वाचून दाखवावा आणि काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या व्यक्तीसाठी ती भाषा जाणणारा माणूस हवा, पण तो शक्यतो त्याच घरातला नसावा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवून त्याची सही घ्यावी. सात ते अकरा वर्षांच्या मुलांची पालकांसमक्ष तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची लेखी सहमती, पालकांच्या संमतीखेरीज, घ्यावी लागते.

गोपनीयतेचा प्रश्न खेड्यात वेगळा आहे. साठ घरांच्या गावात एसएस पॅटर्नची एकच मुलगी असेल, तर नाव गाळून गाव, वय आणि लिंग लिहिले तरी ती ओळखू येते, आणि त्याचा परिणाम तिच्या सोयरिकीवर होतो. म्हणून अहवालात गावाऐवजी तालुका द्यावा आणि पाचपेक्षा कमी संख्या असलेले गट एकत्र करावेत. संकेतांक आणि नावे जोडणारी यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. ती व्हॉट्सॲप गटात कधीही पाठवू नये.

टप्पा ७ : चाचणी फेरी, मग माहिती गोळा करणे

मंजुरी मिळाल्यावर आठ-दहा नोंदींवर किंवा व्यक्तींवर फॉर्म वापरून पाहावा. एका फॉर्मला किती मिनिटे लागतात, कोणता प्रश्न दोनदा समजावावा लागतो, कोणता रकाना कोणीच भरत नाही, हे लिहावे आणि फॉर्म सुधारावा. सुधारणा मोठी असेल तर समितीला कळवावे.

मोबाइलवर माहिती भरायची असेल तर कोबो टूलबॉक्स हे फॉर्म भरण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि नेटवर्क नसलेल्या गावातही चालते, पुढे रेंज आल्यावर माहिती पाठवता येते. एक्सेलमध्ये भरताना एका ओळीत एकच व्यक्ती आणि एका रकान्यात एकच गोष्ट असावी. रकाने जोडू नयेत आणि रंगाने खूण करू नये, कारण विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला रंग दिसत नाही. दर आठवड्याला गटातील दुसऱ्याने कोणतेही पाच फॉर्म घेऊन मूळ रजिस्टरशी ताडून पाहावेत. चुका शेवटी शोधू म्हटले तर त्या कधीच सापडत नाहीत.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पुष्कळ कर्मचारी अकरा महिन्यांच्या करारावर असतात, आणि नियमित कर्मचाऱ्यांची बदली होते. म्हणून फाइल कुठे आहे, पासवर्ड काय, कोणते फॉर्म राहिले, हे प्रत्येक वेळी दोघांना माहीत असावे. एकाच्या लॅपटॉपमधला अभ्यास त्याच्याबरोबर जिल्हा सोडून जातो.

टप्पा ८ : विश्लेषण साधे ठेवा

तक्ते आकडे येण्यापूर्वीच आखून ठेवावेत. रिकामे तक्ते समोर असले की नको ती शंभर गणिते होत नाहीत. जामोवी हे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पहिल्या अभ्यासाला पुरेसे आहे.

काल्पनिक आकड्यांवर पाहू. ९४ नोंदी घेतल्या, त्यांपैकी ५६ जणांना तीस दिवसांत अहवाल मिळाला, २८ जणांना मिळाला नाही आणि १० नोंदींत तारीख रिकामी आहे. रिकाम्या नोंदी गुपचूप वगळल्या तर ८४ पैकी ५६ म्हणजे ६७ टक्के येतात. त्या "मिळाला नाही" धरल्या तर ९४ पैकी ५६ म्हणजे ६० टक्के, आणि सर्व "मिळाला" धरल्या तर ९४ पैकी ६६ म्हणजे ७० टक्के. हे तिन्ही आकडे द्यावेत. एकच आकडा देऊन बाकीचे लपवणे ही फसवणूक आहे, मग ती अजाणतेपणी का होईना. शिवाय ६७ टक्क्यांसोबत त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे येथे सुमारे ५७ ते ७७, लिहावी. त्यातून वाचकाला कळते की लहान नमुन्यातला आकडा किती हलू शकतो.

सावधान : पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही केवळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे फरक मोठा आहे असे नव्हे, आणि जास्त आली म्हणजे फरक नाही असेही नव्हे. फरक किती आहे ते आधी सांगावे.

टप्पा ९ : आधी आपल्या माणसांना सांगा, मग बाहेर लिहा

निष्कर्ष सर्वांत आधी रुग्णालयाच्या मासिक बैठकीत एका पानावर मांडावेत, त्यानंतर आशाताईंच्या बैठकीत. अहवाल न पोहोचण्याचे कारण त्यांच्याकडून दहा मिनिटांत कळते : फोन नंबर बदललेला, घर वेचणीला गेलेले, किंवा सासरी कळू नये म्हणून मुद्दाम टाळलेले. या बैठकीतच एक बदल ठरवावा, उदाहरणार्थ नमुना घेतानाच दुसऱ्या विश्वासाच्या व्यक्तीचा नंबर तिच्या परवानगीने घेणे.

लेख लिहिताना निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब ही बावीस मुद्द्यांची यादी समोर ठेवावी. नावांच्या बाबतीत वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. चारही पूर्ण करणारा प्रत्येक जण लेखक असतो, केवळ पदामुळे कोणी होत नाही. ज्या टेक्निशियनने प्रश्न काढला, नोंदी तपासल्या आणि मसुद्यावर काम केले त्याचे नाव शेवटच्या आभारात टाकणे हा अन्याय आहे, आणि तो पाहिलेला दुसरा टेक्निशियन पुन्हा संशोधनाच्या वाटेला जात नाही.

"तीन दिवसांत प्रसिद्धी" असे ईमेल पाठवून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांना उत्तर देऊ नये. मार्गदर्शकाला आणि महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला विचारूनच निवड करावी.

टप्पा १० : दुसरी फेरी दुसऱ्याच्या हाती द्या

बदल लागू झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच व्याख्येने, त्याच रकान्यांतून तोच आकडा पुन्हा काढावा. या वेळी काम लॅब टेक्निशियनने न करता गटातील दुसऱ्याने, समजा समुपदेशकाने, पुढे होऊन करावे आणि पहिल्याने त्याच्या शेजारी बसावे. टप्पा २ मधील गुणांचा तक्ताही आता पुन्हा भरून घ्यावा. ज्या बाबींत गुण वाढलेले नाहीत, त्यांचेच प्रशिक्षण पुढच्या वर्षी मागावे.

सर्व कागद एकाच फाइलमध्ये लावावेत : वेळेचा आदेश, प्रश्नाचे तिन्ही मसुदे, समितीचा अर्ज आणि तिने काढलेल्या त्रुटी, संमतीपत्र, रिकामा फॉर्म, तक्ते. त्रुटींचे पत्र लाजेने काढून टाकू नये, कारण पुढच्या अर्जदाराला तेच सर्वाधिक उपयोगी पडते. फाइल अधीक्षकांच्या कपाटात न ठेवता प्रयोगशाळेत, अडचण वहीच्या शेजारी ठेवावी, आणि ती वही या वर्षीही चार आठवडे पुन्हा उघडावी.